नोटेवरची सही आणि राजीनाम्यावरची सही

 

आज सुरुवातीलाच एक काम सांगतो. जवळ एखादी दहा, वीस, शंभराची नोट असेल तर ती हातात घ्या. गांधीजींचं चित्र आहे ती बाजू वर करा. तिथे एक वाक्य छापलेलं आहे: मी धारकाला इतके रुपये देण्याचं वचन देतो, अशा अर्थाचं, हिंदीत आणि इंग्रजीत. त्याच्या खाली एक सही आहे. ती रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरची. त्या सहीमुळे कागदाचे पैसे होतात.

या सहीच्या जागी पहिल्यांदा एका भारतीय माणसाचं नाव उमटलं ते १९४३ नंतर. तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं. नोटेवर इंग्रज राजाचं चित्र होतं आणि खाली सही होती आपल्या जिल्ह्यात जन्मलेल्या, रोह्यात वाढलेल्या एका माणसाची. त्यांचं नाव चिंतामण द्वारकानाथ देशमुख. लोक त्यांना सी. डी. देशमुख म्हणायचे, कुणी चिंतामणराव म्हणायचे. हेच चिंतामणराव पुढे आपल्या कुलाबा जिल्ह्यातून पहिल्या लोकसभेत निवडून गेले. कुलाबा म्हणजे आताचा रायगड. हे नाव १९८१ साली बदललं.

गटाच्या बैठकीत आम्ही सहीबद्दल पुष्कळ बोलतो. अंगठा सोडून सही शिका, असं सांगत गावोगाव फिरतो. पण सही कुठे करायची आणि कुठे करायची नाही, हे आम्हालाही एकदा चुकूनच शिकायला मिळालं. ती गोष्ट शेवटी सांगू. आधी चिंतामणरावांची.

नाते, रोहा आणि पुढे

त्यांचा जन्म १४ जानेवारी १८९६ चा, म्हणजे ऐन संक्रांतीच्या सुमाराचा. गाव नाते. महाडकडून रायगड किल्ल्याला जाताना हे गाव लागतं. वडील द्वारकानाथ वकील, आई भागीरथीबाई. बालपण बरंचसं रोह्यात गेलं. १९१२ साली मॅट्रिकची परीक्षा झाली, तेव्हा ते सगळ्या मुंबई विद्यापीठात पहिले आले. संस्कृतसाठी असलेली जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यांनाच मिळाली.

मग ते विलायतेला केंब्रिजला गेले. तिथे शिकले काय, तर वनस्पती, रसायन आणि भूगर्भ. झाडापानांचा अभ्यास करणारा हा मुलगा पुढे देशाच्या तिजोरीचा हिशेब ठेवणार आहे, हे तेव्हा कुणाला ठाऊक! १९१८ साली ते आयसीएसच्या परीक्षेला बसले आणि तिथेही पहिले आले. आयसीएस म्हणजे त्या काळची कलेक्टर होण्याची परीक्षा, आणि ती इंग्रजांच्या नोकरीसाठी असायची. देशात स्वातंत्र्याची चळवळ चालू असताना ही नोकरी घ्यावी का, हा प्रश्न त्यांना पडला. तेव्हा लोकमान्य टिळक लंडनमध्ये होते. चिंतामणराव त्यांना भेटले. नोकरी सोडू नकोस, कारभाराचा अनुभव घे, स्वराज्य आल्यावर तो देशाच्या कामी येईल, असा सल्ला टिळकांनी दिल्याचं सांगतात.

नोकरीची वीसेक वर्षं मध्य प्रांत आणि वऱ्हाडात गेली. जमीन महसूल, जमाबंदी, सरकारी हिशेब अशी कामं त्यांनी केली. १९३९ साली त्यांची नेमणूक रिझर्व्ह बँकेत झाली. आधी सचिव, मग डेप्युटी गव्हर्नर, आणि ११ ऑगस्ट १९४३ ला गव्हर्नर. त्यांच्या आधीचे दोन्ही गव्हर्नर भारतीय नव्हते.

रिझर्व्ह बँक म्हणजे काय?

मैत्रिणी आम्हाला विचारतात, ही रिझर्व्ह बँक कुठे असते, तिथे आपलं खातं का काढता येत नाही? सोपं करून सांगतो. आपण दर आठवड्याला गटात पैसे टाकतो. गटाचं खातं बँकेत असतं. तशी त्या बँकेची खाती रिझर्व्ह बँकेत असतात. म्हणजे ती बँकांची बँक. सरकारचं खातंही तिच्याकडे. नोटा तीच काढते. कुठली बँक नीट चालते, कुठली नाही, यावर तिचीच नजर असते. ही बँक १ एप्रिल १९३५ ला सुरू झाली, तेव्हा ती खासगी भागधारकांची होती. चिंतामणराव गव्हर्नर असतानाच, १ जानेवारी १९४९ ला ती सरकारच्या, म्हणजे जनतेच्या मालकीची झाली.

त्यांच्या काळात एक मोठी उधारी वसूल करायची होती. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी भारतातून धान्य, कापड, किती तरी माल नेला. त्याचे पैसे रोख दिले नाहीत, लंडनमध्ये भारताच्या नावावर मांडून ठेवले. इकडे त्या मालाचे पैसे चुकते करायला नोटा छापाव्या लागल्या. बाजारात माल कमी आणि नोटा जास्त झाल्या की काय होतं, हे आपल्याला सांगायला नको. भाव भडकले. १९४३ साली बंगालमध्ये लाखो माणसं अन्नावाचून मेली. युद्ध संपलं तेव्हा इंग्लंडकडे भारताचं येणं दीड हजार कोटी रुपयांहून जास्त होतं, आणि ते त्या काळचे रुपये.

जुलै १९४४ मध्ये अमेरिकेत ब्रेटन वुड्स या ठिकाणी ४४ देशांची बैठक भरली. आज आपण जागतिक बँक आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधी ही नावं ऐकतो, त्या संस्था याच बैठकीतून निघाल्या. भारताच्या प्रतिनिधी मंडळात चिंतामणराव होते. देश अजून गुलाम होता. तरी या येण्याचा प्रश्न भारताच्या बाजूने तिथे मांडला गेला. नव्या संस्थांनी गरीब देशांच्या विकासाकडे लक्ष द्यावं, हाही मुद्दा आपल्या लोकांनी लावून धरला. उधारीचा निकाल त्या बैठकीत लागला नाही. पुढे स्वातंत्र्यानंतर इंग्लंडशी करार होत होत ते पैसे सुटत गेले. घेणेकरी कितीही मोठा असला तरी आपलं येणं वहीत ठेवायचं आणि दर वेळी मागायचं, हे यातून आपण घेण्यासारखं आहे.

पहिली निवडणूक आणि बायकांची नावं

स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये चिंतामणराव देशाचे अर्थमंत्री झाले. मग पहिली सार्वत्रिक निवडणूक आली. १९५१ च्या ऑक्टोबरपासून १९५२ च्या फेब्रुवारीपर्यंत ती देशभर चालली. २१ वर्षांवरच्या प्रत्येकाला मत. शिकलेला असो की नसो, जमीन असो की नसो, बाई असो की पुरुष. पुष्कळ लोकांना वाचता येत नव्हतं, म्हणून प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी आणि पेटीवर त्याचं चिन्ह असायचं. आपल्याला हव्या त्या पेटीत कागद टाकायचा.

या निवडणुकीत चिंतामणराव काँग्रेसतर्फे कुलाबा मतदारसंघातून उभे राहिले आणि निवडून आले. तोवर ते साहेब होते, नेमणुकीने मोठ्या जागांवर बसलेले. आता ते लोकांच्या मतावर बसले.

याच निवडणुकीतली आणखी एक गोष्ट आपल्या कामाची आहे. मतदारयादी करायला माणसं घरोघरी गेली, तेव्हा देशाच्या काही भागांत पुष्कळ बायकांनी स्वतःचं नाव सांगितलंच नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढंच लिहून आलं. निवडणूक आयोगाने सांगितलं, बाईचं स्वतःचं नाव पाहिजे. नाव मिळालं नाही म्हणून सुमारे २८ लाख बायका त्या यादीतून बाहेर राहिल्या. उत्तरेकडच्या राज्यांत हे जास्त झालं. मत होतं, पण नाव नव्हतं, म्हणून मत गेलं. गटाच्या हजेरीपटावर आम्ही तुमचं स्वतःचं नाव लिहायला लावतो, तेव्हा कुणी तरी हसून म्हणतं, आमच्या ह्यांचं लिहा की. आता हसण्याआधी हे २८ लाख आठवा.

शंभरातले सत्तर सावकाराचे

चिंतामणराव अर्थमंत्री असताना देशाची पहिली पंचवार्षिक योजना आली. त्याच काळात रिझर्व्ह बँकेने देशभरच्या खेड्यांत एक मोठी पाहणी केली. शेतकरी कर्ज कुठून काढतो, एवढं शोधायचं होतं. तिचा अहवाल १९५४ साली आला.

आकडे ऐका. शेतकऱ्याने काढलेल्या दर शंभर रुपयांपैकी सुमारे सत्तर रुपये सावकाराचे होते. सहकारी सोसायट्यांचे तीन. सरकारचे तीन. आणि बँकांचा एक रुपयासुद्धा भरत नव्हता. उरलेले नातेवाईक, व्यापारी, जमीनदार यांच्याकडचे.

आमच्या भागात हा आकडा कुणाला समजावून सांगावा लागत नाही. वीटभट्टीची उचल काय असते हे आपल्या वाड्यांवरच्या कातकरी तायांना विचारा. पावसाळ्यात घरात दाणा नसतो तेव्हा उचल घ्यायची आणि दिवाळीनंतर सगळं घर भट्टीवर जायचं. मुलांची शाळा तिथेच सुटते.

तर त्या अहवालाने सुचवलं की सरकारने एक मोठी बँक हातात घ्यावी आणि तिला गावाकडे न्यावं. त्याप्रमाणे १ जुलै १९५५ ला जुन्या इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली. पाच वर्षांत ४०० नव्या शाखा काढायच्या, त्याही जिथे बँक पोचली नव्हती तिथे, हे तिच्यावर कायद्यानेच बंधन घातलं. आज आपण ज्या बँकेच्या काउंटरवर पासबुक पुढे सरकवतो, ती गावापर्यंत आपोआप आलेली नाही. कुणी तरी सत्तर आणि एकचा हिशेब मांडला, तेव्हा ती आली.

दुसरं काम विम्याचं. तेव्हा जीवनविमा खासगी कंपन्यांकडे होता. काही कंपन्या बुडाल्या, लोकांचे हप्ते बुडाले. १९ जानेवारी १९५६ च्या रात्री अर्थमंत्री चिंतामणराव आकाशवाणीवर बोलले. सरकार आयुर्विमा हातात घेत आहे, हे देशाला त्यांनी रेडिओवरूनच कळवलं. २४५ देशी-परदेशी कंपन्या आणि सोसायट्या एकत्र झाल्या आणि १ सप्टेंबर १९५६ ला एलआयसी सुरू झाली.

दुर्गाबाई

चिंतामणरावांची पहिली पत्नी रोझिना इंग्लंडची. त्यांच्या निधनानंतर काही वर्षांनी, २२ जानेवारी १९५३ ला, चिंतामणरावांनी दुर्गाबाईंशी लग्न केलं. साधं नोंदणी लग्न झालं, आणि साक्षीदार म्हणून सही पंतप्रधान नेहरूंची.

दुर्गाबाईंवर आम्ही वेगळा भाग करणार आहोत, पण थोडं आजच सांगतो. त्या आंध्रातल्या राजमहेंद्रीच्या. आठव्या वर्षी लग्न लावून दिलं होतं. मोठ्या झाल्यावर त्यांनी ते लग्न मानलं नाही. मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेल्या. तुरुंगात आणि बाहेर त्यांनी पाहिलं की शिक्षण नाही म्हणून बाईला कुठेच दाद मिळत नाही. मग राहिलेलं शिक्षण मोठ्या वयात पुरं केलं, वकील झाल्या, घटना लिहिणाऱ्या सभेच्या सभासद झाल्या. १९५३ साली केंद्रीय समाजकल्याण बोर्ड निघालं, त्याच्या पहिल्या अध्यक्ष त्याच. शाळा सुटलेल्या मोठ्या बायकांना थोड्या काळात परीक्षेपर्यंत नेणारे वर्ग या बोर्डाने १९५८ पासून देशभर चालवले. किती तरी बालवाडीताया, नर्सबाया त्या वर्गांतून तयार झाल्या.

दुसरी सही

आता येतो मूळ मुद्द्यावर. १९५५-५६ साली भाषेप्रमाणे राज्यं करायचं काम चाललं होतं. मराठी लोकांना मुंबईसह महाराष्ट्र पाहिजे होता. जानेवारी १९५६ मध्ये दिल्लीने जाहीर केलं की मुंबई शहर महाराष्ट्राला मिळणार नाही, ते केंद्राच्या ताब्यात राहील. मुंबईत लोक रस्त्यावर उतरले. पोलिसांनी गोळ्या चालवल्या. या सगळ्या लढ्यात शंभराहून अधिक माणसं गेली. फ्लोरा फाउंटनला आज जो हुतात्मा चौक आहे, तो त्यांचाच.

चिंतामणराव तेव्हा दिल्लीत अर्थमंत्री. वरची खुर्ची, नेहरूंचा विश्वास, हातात मोठी कामं. त्यांनी त्याच महिन्यात राजीनामा देऊ केला, पण तो तेव्हा पुढे गेला नाही. मग जूनमध्ये नेहरूंनी मुंबईत जाहीर केलं की मुंबई पाच वर्षं केंद्राकडे राहील. यानंतर चिंतामणरावांनी राजीनामा दिला. जुलै १९५६ मध्ये लोकसभेत उभं राहून त्यांनी त्याची कारणं सांगितली.

ही कारणं नीट ऐकण्यासारखी आहेत. मुंबई मराठी लोकांपासून तोडणं त्यांना मान्य नव्हतं, हे तर होतंच. पण त्यांनी आणखी दोन गोष्टी मांडल्या. पहिली, एवढा मोठा निर्णय मंत्रिमंडळाच्या बैठकीत चर्चा न होता जाहीर झाला. आणि दुसरी, गोळीबारात माणसं मेली, त्याची चौकशी करायला सरकार तयार नाही. नेहरूंनी हे आरोप मान्य केले नाहीत, निर्णय रीतीला धरूनच झाला असं त्यांचं म्हणणं होतं. दोघांचं म्हणणं लोकसभेच्या कामकाजात नोंदलेलं आहे.

मंत्री राहून चिंतामणराव गप्प बसू शकले असते. मंत्रिमंडळाचा निर्णय म्हणजे त्यातल्या प्रत्येक मंत्र्याचा निर्णय, अशी आपल्या राज्यकारभाराची रीत आहे. आत बसायचं आणि बाहेर येऊन माझा नव्हता म्हणायचं, असं चालत नाही. म्हणजे न झालेल्या बैठकीच्या निर्णयाखाली त्यांचीही सही धरली गेली असती. ती त्यांनी धरू दिली नाही. राजीनाम्यावर सही केली आणि बाहेर पडले.

मुंबई लगेच मिळाली नाही. १९५६ च्या नोव्हेंबरात गुजराती आणि मराठी भाग एकत्र करून द्विभाषिक राज्य झालं. महाराष्ट्र झाला १ मे १९६० ला, आणि तो हजारो माणसांच्या लढ्यामुळे. एका माणसाच्या राजीनाम्याने सगळं झालं असं आम्ही म्हणणार नाही. पण मराठी माणसाचं म्हणणं दिल्लीत नोंदवलं गेलं, आणि ते नोंदवायला खुर्चीची किंमत द्यावी लागली.

पुढे ते रिकामे बसले नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले, दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १९५९ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९६९ साली राष्ट्रपतिपदाला उभे राहिले आणि हरले. १९७५ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं, दुर्गाबाईंनाही त्याच वर्षी. संस्कृत त्यांनी कधी सोडलं नाही. कालिदासाचं मेघदूत त्यांनी मराठीत आणलं, तेही रिझर्व्ह बँकेच्या ऐन धकाधकीत. २ ऑक्टोबर १९८२ ला हैदराबादेत ते गेले. त्याच वर्षी जुलैमध्ये नाबार्ड सुरू झाली होती, रिझर्व्ह बँकेच्या शेतीकर्जाच्या कामातून निघालेली. आणि याच नाबार्डने १९९२ साली बचतगटांना बँकेशी जोडायचा पहिला प्रयोग ५०० गटांपासून केला. आपले गट त्याच वाटेवरचे.

आमची चूक

आता आमची गोष्ट. कुणाचं नाव घेत नाही, कारण चूक आमची होती.

कर्जतच्या डोंगराकडच्या एका वाडीत आमचा एक गट आहे. मार्चअखेर होती. त्या महिन्यात इतकी कर्जप्रकरणं व्हायला हवीत, असा आकडा आमच्या डोक्यावर होता. त्या गटाची बैठक दोन आठवडे झाली नव्हती, कारण कुणाकडे हळद होती, कुणाकडे साखरपुडा. आम्ही बँकेचा अर्ज भरला, ठरावाचा मजकूर स्वतःच लिहिला, आणि वही घेऊन अध्यक्षताईंच्या दारात गेलो. म्हटलं, इथे सही करा, बैठक नंतर दाखवू.

अध्यक्षताई पन्नाशीच्या. सही आम्हीच शिकवलेली, पाटीवर, तीन महिने. त्यांनी वही हातात घेतली. लेकीला वाचायला लावली. मग वही मिटून आमच्याकडे परत दिली. "बैठक झालीच नाय. मग सही कशाची घेता?"

आम्हाला राग आला, खोटं कशाला बोला. वरून बोलणी खाल्ली ती वेगळीच. गटातल्या एकीला मुलाच्या फीसाठी पैसे हवे होते. कर्ज लांबलं म्हणून तिला दोन बकऱ्या पडत्या भावात विकाव्या लागल्या. ती अध्यक्षताईंशी महिनाभर बोलली नाही. सही न करण्याचीही किंमत असते, ती कुणाला तरी भरावी लागते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात बैठक झाली. अकराही जणी आल्या. आम्ही अर्जात तीन लाख लिहिले होते. एकेकीने सांगितलं, मला इतके लागतील, मी इतके फेडू शकते. बेरीज झाली एक लाख सत्तर हजार. दोघी म्हणाल्या, आम्हाला कर्जच नको होतं, आमची नावं कुणी लिहिली? आम्ही मान खाली घातली. मग ठराव त्यांच्या शब्दांत लिहिला, मोठ्याने वाचला, आणि सगळ्यात आधी सही अध्यक्षताईंनी केली. बकऱ्या विकलेल्या ताईंचं नाव कर्जाच्या यादीत पहिलं घालायचं, हेही त्यांनीच सुचवलं.

चिंतामणरावांचं चरित्र वाचताना आम्हाला ही वाडी आठवली. दिल्लीच्या मंत्र्याने जे विचारलं, तेच आमच्या अध्यक्षताईंनी विचारलं. बैठक कधी झाली?

सही करण्याआधी

तेव्हापासून आमच्या गटांत पाच गोष्टी आम्ही पाळतो. तुम्हीही आपल्या बैठकीत त्या वाचून घ्या.

एक. आधी बैठक, मग ठराव, मग सही. ठराव मोठ्याने वाचल्याशिवाय कुणीही सही करायची नाही. वाचता येत नसेल तर आपल्या विश्वासाच्या माणसाकडून वाचून घ्यायचं.

दोन. कोऱ्या कागदावर, पैसे काढायच्या कोऱ्या स्लिपवर, कोऱ्या चेकवर सही करायची नाही. समोर आम्ही असलो तरी नाही.

तीन. रक्कम आकड्यात आणि अक्षरात, दोन्ही लिहिली आहे ना ते बघायचं. ठरावाखाली जागा उरली तर आडवी रेघ मारायची. सहीखाली तारीख घालायची.

चार. प्रत्येकीचं कर्ज किती, हप्ता किती, हे तिच्या तोंडून वदवून घ्यायचं. जिच्या नावावर कर्ज आहे, तिला ते माहीत पाहिजे.

पाच. आता यंत्रावर बोट ठेवून पैसे निघतात. ते बोट म्हणजे सहीच. बोट ठेवण्याआधी रक्कम विचारायची, ठेवल्यावर पावती मागायची. "नेट नाही, परत ठेवा" असं कुणी म्हटलं, तर आधी पहिल्या वेळी पैसे गेले का ते बघून घ्यायचं.

आणि मतभेद असेल तर तोही वहीत लिहायचा. अमुक ताईंना हा ठराव मान्य नाही, एवढी एक ओळ. आमच्या त्या गटात आता अशा ओळी असतात. गट मोडला नाही. त्यांचे हप्ते वेळेवर चालू आहेत.

या आठवड्याच्या बैठकीत एवढं करा. गटाची ठराववही उघडा आणि मागच्या तीन ठरावांवरच्या सह्या बघा. जिची सही आहे, तिला विचारा, ताई, हे कशाबद्दल होतं? तिला सांगता आलं तर छान. नाही सांगता आलं तर तिला रागावू नका, तो ठराव सगळ्यांनी मिळून पुन्हा वाचा. काय निघालं ते पुढच्या भागात आम्हाला कळवा.

चला, भाकरी करपेल. पुढच्या भागात दुर्गाबाईंना भेटू. नमस्कार.